भेदभावाने माणूस आजारी पडतो का? मिनेसोटापासून अर्जुनी मोरगावपर्यंत एका प्रश्नाचा प्रवास

अर्जुनी मोरगाव हा गोंदिया जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तालुका. धानाची शेती, मामा तलाव, नवेगावबांधचं जंगल, इटियाडोह धरण. बाहेरच्या माणसाला साधारण एवढंच माहीत असतं. पण याच तालुक्यात प्रतापगड-गोठणगावच्या परिसरात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. आणि याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशा गावांमध्ये पूर्व बंगालमधून उखडून आलेली बंगाली कुटुंबं आहेत, त्यांतली बरीचशी नमशूद्र. म्हणजे एकाच तालुक्यात दोन निर्वासित समाज, आणि दोघांच्या अवतीभवती स्थानिक गोंड, हलबा, महार, कुणबी, पोवार.

समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्यात संशोधन करू पाहणाऱ्या कुणालाही असं ठिकाण दिसलं की पहिला विषय सुचतो तो हाच: परक्या समाजात राहताना वाट्याला येणाऱ्या भेदभावाचा ताणावर आणि आरोग्यावर काय परिणाम होतो? विषय चांगलाच आहे. पण आराखडा लिहायच्या आधी हा प्रश्न इथवर कसा आला ते माहीत असायला हवं. नाहीतर आपण नव्वद वर्षांपूर्वीचीच चूक नव्या सॉफ्टवेअरवर करून मोकळे होतो.

सुरुवात 1932 मध्ये. उर्नुल्फ ओडेगार्ड नावाच्या नॉर्वेच्या मानसोपचारतज्ज्ञाने अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मनोरुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. मिनेसोटात तेव्हा नॉर्वेहून आलेले लोक खूप होते. त्याला दिसलं की या स्थलांतरितांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण तिथल्या मूळच्या अमेरिकनांपेक्षा जास्त आहे, आणि खुद्द नॉर्वेत मागे राहिलेल्यांपेक्षाही जास्त आहे. आकडे नीट गोळा केलेले होते. प्रश्न अर्थाचा होता. ओडेगार्डचा निष्कर्ष असा, की ज्यांच्यात आजाराचा कल आधीच असतो, जे गावात कुठे रुजत नाहीत, तेच लोक देश सोडून जातात. थोडक्यात, आजार पेटीत घालूनच बोटीवर चढला.

हा निष्कर्ष कोणत्या हवेत निघाला तेही बघा. अमेरिकेत 1924 मध्ये देशवार कोटा ठरवून स्थलांतर आवळणारा कायदा झाला होता. त्याच्या आधी हॅरी लाफलिन या सुप्रजननवाद्याने संसदेच्या समितीपुढे तुरुंग, वेड्यांची इस्पितळं आणि अनाथालयांतली माणसं मोजून कोणत्या देशाचे लोक 'निकृष्ट' आहेत याची कोष्टकं मांडली होती. ओडेगार्डला लाफलिनच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं होईल. तो सावध संशोधक होता. पण दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट सारखी आहे. स्थलांतरिताचं शरीर तपासलं जातं, त्याचं मन तपासलं जातं, आणि ज्या समाजात तो आला त्या समाजाची तपासणी कुणी करत नाही. ओडेगार्डच्याच नोंदींत असंही होतं की बऱ्याच जणांचा आजार अमेरिकेत येऊन कित्येक वर्षं लोटल्यावर उमटला. आजार पेटीतून आला असता तर ती उघडायला इतकी वर्षं का लागावीत?

हा प्रश्न नीट विचारला जायला जवळपास सत्तर वर्षं गेली. दरम्यान ताणाचं शरीरशास्त्र तयार झालं. हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की त्रास कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो. 1993 मध्ये ब्रूस मॅकइवेन आणि इलियट स्टेलर यांनी त्याच्या पुढची गोष्ट मांडली: हा प्रतिसाद अधूनमधून आला तर तो आपल्याला वाचवतो, पण तो वारंवार किंवा कायमच चालू राहिला तर रक्तदाब, साखर, प्रतिकारशक्ती, झोप या सगळ्यांची झीज होते. बैलाला रोज थोडं जास्त ओझं लादावं तशी ही झीज. एका दिवसात काही दिसत नाही. आर्लिन जेरोनिमस यांनी 1992 मध्ये अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांबद्दल हेच वेगळ्या अंगाने मांडलं. गोऱ्या स्त्रियांमध्ये विशीतलं बाळंतपण किशोरवयातल्यापेक्षा बाळासाठी सुरक्षित ठरतं. काळ्या स्त्रियांमध्ये वय वाढण्याचा तो फायदा दिसत नव्हता. त्यांचं शरीर वयाच्या आधीच थकत होतं.

आता सत्तर वर्षं अडलेला प्रश्न. आजारी लोक स्थलांतर करतात, की स्थलांतरानंतर लोक आजारी पडतात? नेदरलँड्समधल्या ज्याँ-पॉल सेल्टेन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये यावर जी युक्ती केली ती मला फार आवडते. सुरीनाम ही दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत. (1873 पासून 1916 पर्यंत भोजपुरी पट्ट्यातून गिरमिटिया म्हणून नेलेल्यांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी लांबची नाही.) 1975 मध्ये सुरीनाम स्वतंत्र झालं, त्याच्या आगेमागे देशातली साधारण एक तृतीयांश माणसं नेदरलँड्समध्ये गेली. तिथे त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त सापडलं. सेल्टेन म्हणाले, ठीक आहे, ओडेगार्डचं टोकाचं म्हणणं मान्य करू. समजा सुरीनाममधले सगळेच्या सगळे प्रवण लोक नेदरलँड्समध्ये आले आणि मागे एकही उरला नाही. मग रुग्णांच्या संख्येला फक्त स्थलांतरितांच्या संख्येने न भागता सुरीनामच्या अख्ख्या लोकसंख्येने भागा. तसं भागलं तरीही प्रमाण डच लोकांपेक्षा जास्तच राहिलं. एका भागाकाराने सत्तर वर्षांचा युक्तिवाद मोडला. महागडं यंत्र नाही, नवा सर्व्हे नाही. फक्त छेद बदलला.

मग 2007 मध्ये विम वेलिंग आणि सहकाऱ्यांनी हेग शहरात पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी वेगवेगळ्या स्थलांतरित गटांना किती भेदभाव सोसावा लागतो याप्रमाणे उतरंड लावली आणि गंभीर मनोविकाराचं प्रमाण त्या उतरंडीप्रमाणे चढत गेलेलं दिसलं. मोरोक्कन लोक सर्वांत वर, तुर्की लोक बरेच खाली. गरिबी दोन्हीकडे होती. इथे विद्यार्थ्यांनी थांबून बघायची गोष्ट म्हणजे भेदभाव मोजला कसा. रुग्णांना विचारून नाही. कारण आजारी माणसाला सगळे आपल्याविरुद्ध आहेत असं आजारामुळेच वाटू शकतं. त्यांनी लोकसंख्येचे वेगळे सर्वेक्षण-अहवाल आणि भेदभावाच्या तक्रारींच्या नोंदी घेतल्या. भेदभाव एकीकडून मोजला, आजार दुसरीकडून, आणि मगच दोन्ही शेजारी ठेवले.

आपल्याकडचे बहुतेक आराखडे नेमके इथे घसरतात. एकच प्रश्नावली, तिच्या पहिल्या पानावर 'तुम्हाला कमी लेखलं जातं का', तिसऱ्या पानावर 'तुम्हाला झोप लागते का', आणि मग दोन्हींमध्ये सहसंबंध सापडल्याचा आनंद. ज्याचा दिवस वाईट गेलाय तो दोन्हीकडे 'हो' म्हणणार.

प्रश्नावली टाळून काम करता येतं याची दोन उत्तम उदाहरणं अमेरिकेतली आहेत. डायेन लॉडरडेल यांनी 2006 मध्ये कॅलिफोर्नियातले जन्मदाखले घेतले. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अरबी नावाच्या लोकांवर संशय, शिवीगाळ, हल्ले वाढले होते. त्यानंतरच्या सहा महिन्यांत अरबी नाव असलेल्या मातांची कमी वजनाची बाळं आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे 34 टक्क्यांनी जास्त निघाली. इतर गटांत अशी वाढ नव्हती. दुसरं आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या छोट्या गावचं. 12 मे 2008 रोजी तिथल्या मांसप्रक्रिया कारखान्यावर छापा पडला आणि 389 कामगारांना अटक झाली, बहुतेक ग्वाटेमालाचे. पुढच्या 37 आठवड्यांत आयोवा राज्यभरातल्या लॅटिनो मातांमध्ये कमी वजनाच्या बाळांचा धोका 24 टक्क्यांनी वाढलेला 2017 च्या अभ्यासात दिसला. यात अमेरिकेतच जन्मलेल्या, पक्क्या नागरिक असलेल्या माताही होत्या. ज्यांच्या दारात पोलीस आले नव्हते, येणारही नव्हते, त्यांच्याही पोटातल्या बाळांनी छाप्याची दखल घेतली. बाळ प्रश्नावली भरत नाही, म्हणून त्याच्या वजनावर कुणी शंका घेत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून आता अर्जुनी मोरगावला यायचं. आणि इथे आल्यावर पहिली अडचण अशी की इथला भेदभाव तसा दिसत नाही. छापे नाहीत, दंगली नाहीत. तिबेटी माणसं हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटर विकतात, लोक विकत घेतात, घासाघीस करतात, हसतात. बंगाली कुटुंबांच्या दुर्गापूजेला आसपासची माणसं जातात. कुणाला विचारलं तर 'आमच्यात तसं काही नाही' हेच उत्तर येणार, आणि ते खोटंही नसणार. मग भेदभाव कुठे शोधायचा? माझं उत्तर: कागदात.

बंगाली कुटुंबांपासून बघू. नमशूद्र हा पूर्व बंगालमधला मोठा शेतकरी-मच्छीमार समाज, अस्पृश्य मानला गेलेला. 'चांडाल' हे जुनं नाव नाकारून चळवळ करून त्यांनी 1911 च्या जनगणनेत नमशूद्र हे नाव मिळवलं. 1946 मध्ये डॉ. आंबेडकर मुंबई प्रांतातून संविधान सभेवर जाऊ शकत नव्हते तेव्हा बंगालमधून त्यांना निवडून आणण्यात नमशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा होता. फाळणी झाली, नमशूद्रांची भूमी पाकिस्तानात गेली. मंडल स्वतः पाकिस्तानचे मंत्री झाले आणि 1950 मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. सवर्ण निर्वासित आधी आले आणि बरेचसे कलकत्त्याच्या आसपास सामावले. नमशूद्र शेतकरी उशिरा आले, विशेषतः 1964 च्या दंगलींनंतर, आणि त्यांना बंगालमध्ये जागा नाही असं सांगून रेल्वेने मध्य भारतात पाठवण्यात आलं. 1958 मध्ये सुरू झालेला दंडकारण्य प्रकल्प ओडिशातल्या कोरापूट-मलकानगिरीत आणि बस्तरमध्ये होता. महाराष्ट्रात तेव्हाच्या चांदा आणि भंडारा जिल्ह्यांत वस्त्या झाल्या. नदीकाठची, मासे-भाताची माणसं जंगल तोडून काढलेल्या जमिनीवर आली. 1978 मध्ये दंडकारण्यातून हजारो लोक परत बंगालकडे निघाले, सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर वसले आणि 1979 मध्ये पोलीस बळाने तिथून हुसकले गेले. जे मध्य भारतात राहिले ते राहिले.

आता कागद. अनुसूचित जातींची यादी आपल्याकडे राज्यवार आहे, घटनेच्या 341 व्या कलमाखाली. नमशूद्र पश्चिम बंगालच्या यादीत आहेत. ओडिशाच्या यादीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. छत्तीसगडच्याही नाहीत. म्हणजे एकाच छावणीतून निघालेल्या दोन भावांपैकी एक मलकानगिरीला उतरवला गेला आणि एक भंडाऱ्याला, तर पहिल्याच्या नातवाला शिष्यवृत्ती आणि राखीव जागा, दुसऱ्याच्या नातवाला काहीच नाही. जात तीच, पळून येण्याचं कारण तेच. ज्या भंडाऱ्यातून 1954 मध्ये आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, त्याच जुन्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गोंदियात, त्यांना संविधान सभेवर पाठवायला हातभार लावणाऱ्या समाजाची पोरं अनुसूचित जातीच्या दाखल्याशिवाय आहेत. मागणी जुनी आहे, विधिमंडळातही मांडली गेली आहे.

त्यात भर पडते 'बांगलादेशी' या शब्दाची. हे लोक आले तेव्हा बांगलादेश नावाचा देशच नव्हता. पण देशभर कुठेही घुसखोरीची चर्चा पेटली की बंगाली बोलणाऱ्या माणसाला आपले कागद घरात कुठे ठेवलेत ते आठवावं लागतं. पोस्टव्हिलचा धडा इथे लागू पडतो का? छापा दुसरीकडे पडला तरी शरीर इथे दखल घेतं का? हा प्रश्न तपासता येण्याजोगा आहे.

तिबेटी समाजाचा कागद वेगळा. 1959 मध्ये दलाई लामांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार लोक आले. आसामातल्या मिसामारी आणि बंगालमधल्या बक्सा इथल्या छावण्यांत उष्मा आणि क्षयाने अनेकांचे जीव घेतले. बर्फाच्या मुलखातली माणसं तराईच्या दमटपणात कोंबली गेली होती. नंतर रस्तेबांधणीची कामं, मग कर्नाटकातल्या बायलाकुप्पेसारख्या वसाहती. नोर्ग्येलिंग 1972 चं. पूर्व विदर्भाचा मे महिना ज्याने काढलाय त्याला तिबेटी शेतकऱ्याच्या पहिल्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. कायद्याने भारतात 'निर्वासित' असा दर्जाच नाही, कारण 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. तिबेटी माणूस परदेशी म्हणून नोंदला जातो, ठरावीक काळाने नोंदणी-दाखल्याचं नूतनीकरण करतो. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने नागरिक ठरतात, पण हे प्रत्यक्ष पासपोर्टपर्यंत यायला दिल्ली उच्च न्यायालयाचे 2010 आणि 2016 चे निकाल लागले.

आणि इथे एक गंमत आहे, जी संशोधकाने हसण्यावारी नेऊ नये. परक्या म्हणून नोंदलेल्या तिबेट्यांकडे स्वतःची वसाहत-व्यवस्था आहे, शाळा, मठ, दवाखाना, धरमशालेहून चालणारं आरोग्य खातं. त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय संशोधन ढीगभर आहे. भारताचेच मानले गेलेले, मतदान करणारे बंगाली मात्र या संशोधनात जवळपास नाहीत. परका म्हणून मान्यता असणं आणि आपला म्हणून विस्मरणात जाणं, यांतलं शरीराला जास्त काय झिजवतं?

तिबेट्यांवरच्या संशोधनातला एक निष्कर्ष मुद्दाम सांगतो. धरमशालेत नव्याने पोचलेल्या 769 निर्वासितांवरचा 2008 चा अभ्यास आहे. छळ, कैद, हिमालय पायी ओलांडणं हे सगळं सोसूनही त्यांच्यातल्या मानसिक त्रासाची पातळी अपेक्षेपेक्षा कमी निघाली. धर्माचा, समुदायाचा आधार हे एक स्पष्टीकरण. दुसरी शक्यता मोजपट्टीची. तिबेटी वैद्यकात 'लुंग' म्हणजे वायू, तो बिघडला की छातीत धडधड, झोप उडणं, चिडचिड, उगाच रडू. तिबेटी माणूस 'मला नैराश्य आहे' म्हणणार नाही, 'लुंग वाढलाय' म्हणेल. आपल्याकडच्या आज्या 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात मुंग्या येतात' म्हणतात तसंच. डेव्हिड विल्यम्स यांची रोजच्या भेदभावाची नऊ प्रश्नांची मापनपट्टी 1997 पासून जगभर वापरली जाते. तिचं नुसतं मराठी भाषांतर करून अरुणनगरला जाल तर 'दुकानात तुम्हाला कमी दर्जाची वागणूक मिळते का' यावर 'नाही' असं उत्तर आणाल. दाखल्यासाठी किती फेऱ्या मारल्या, मुलगी बारावीनंतर घरी का बसली, हे त्या नऊ प्रश्नांत नाही.

तुलनेसाठी गट निवडताना आणखी एक खड्डा आहे. मिनेसोटात तुलना सुस्थितीतल्या गोऱ्यांशी होती. अर्जुनी मोरगावात तुलना कुणाशी करणार? शेजारचा गोंड किंवा महार स्वतः पिढ्यानपिढ्या भेदभाव सोसलेला. निर्वासितांसाठी जे जंगल तुटलं त्यावर आदिवासींचं जगणं होतं. 'स्थानिकांपेक्षा फरक आढळला नाही' असा निष्कर्ष आला तर त्याचा अर्थ भेदभाव निरुपद्रवी आहे असा होत नाही. दोन्हीकडे तो आहे एवढाच कदाचित होईल. शिवाय पूर्व विदर्भात स्थानिक समाजांमध्ये सिकलसेल बऱ्यापैकी आहे. हिमोग्लोबिन मोजून बंगाली आणि स्थानिक यांची तुलना केली तर ताणाऐवजी एका जनुकाचा आकडा हाती येईल.

म्हणून मला तालुक्यातली आडवी तुलना कमी पटते. राज्यांच्या सीमेपलीकडची तुलना जास्त पटते: अर्जुनी मोरगावचे नमशूद्र आणि मलकानगिरीचे नमशूद्र. लोक तेच, स्थलांतराचा काळ आणि कारण तेच, भाषा तीच, जंगल-जमीनही फार वेगळी नाही. फरक राज्याच्या यादीचा. ओडेगार्डची शंका इथे आपोआप बाजूला पडते, कारण कोण कुठे जाईल हे माणसांनी निवडलं नव्हतं, पुनर्वसन खात्याने ठरवलं होतं. अर्थात ओडिशा आणि महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेत, रस्त्यांत, रोजगारात फरक आहेत, आणि मलकानगिरीत नक्षल प्रश्नही होता. तो फरक वजा करायला दोन्हीकडचे बिगर-निर्वासित शेजारी घ्यावे लागतील. काम सोपं नाही, पण पीएचडीच्या आवाक्यातलं आहे.

सुरुवात कुठून करायची, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातली प्रसूतीची आणि अंगणवाडीतली वजनाची रजिस्टरं, आणि तहसीलमधल्या जात-दाखल्यांच्या अर्जांची नोंदवही. एक व्यावहारिक सूचना: गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला झाला. त्याआधीचं जे काही आहे ते भंडारा या नावाखाली शोधा. तिबेटी कागदपत्रांत तर नोर्ग्येलिंगचा उल्लेख आजही बऱ्याचदा 'भंडारा' असाच सापडतो. आणि नैतिक समितीकडे जाताना कागद मागण्याचा प्रश्न आधी सोडवून ठेवा. ज्या घरात कागद दाखवणं हीच भीती आहे, तिथे संमतीपत्रावर सही मागणारा संशोधकही आणखी एक कागदवालाच असतो. मौखिक संमतीची परवानगी सुरुवातीलाच मागितलेली बरी.